विश्लेषण : लांब मान, रिकामे डोळे... मोदिल्यानीची व्यक्तिचित्रे एका नजरेत कशी ओळखू येतात?

लांबलचक मान, एका बाजूला कललेले अंडाकृती डोके, बदामी डोळे आणि त्या डोळ्यांत बुबुळच नाही. असे चित्र मोबाइलच्या स्क्रीनवर अंगठ्याएवढे दिसले, तरी चित्रकलेशी फारसा संबंध नसलेला माणूसही ते कुठेतरी पाहिल्याचे सांगतो. इटलीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी मरण पावलेल्या आमेदेओ मोदिल्यानीची ही ओळख. हयातीत किरकोळ रकमांना विकली गेलेली त्याची चित्रे आता हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेली आहेत. मात्र, ही शैली आली कुठून, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा त्याच्या दारूत, आजारात, अगदी सदोष दृष्टीतही शोधले जाते. ते सापडते दगडात.

कोण होता मोदिल्यानी?

मोदिल्यानीचा जन्म १२ जुलै १८८४ रोजी इटलीतील लिव्होर्नो या बंदराच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. चार भावंडांत तो धाकटा. घरचा व्यवसाय नेमका त्याच सुमारास बुडाला होता. जप्तीसाठी माणसे दारात आली तेव्हा त्याच्या आईला कळा सुरू झाल्या होत्या आणि बाळंतिणीच्या पलंगाला हात लावायचा नाही, अशी कायद्यात तरतूद असल्याने घरच्यांनी किमती वस्तू त्या पलंगावर रचून ठेवल्या, अशी गोष्ट कुटुंबात सांगितली जात असे. पुढच्या सगळ्या आयुष्यात पैशाने त्याची पाठ कधी धरलीच नाही, म्हणून ही गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात येते.

आई युजेनिया मूळची फ्रान्समधील मार्सेची, शिकलेली, वाचनाची आवड असलेली. तिने शाळा चालवून घर सावरले. मुलगा लहानपणापासूनच आजारी. आधी फुप्फुसाच्या आवरणाचा दाह, मग १४ व्या वर्षी विषमज्वर आणि १६ व्या वर्षाच्या आसपास क्षय. क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून चाळीसहून अधिक वर्षे होती. तोवर चांगली हवा, चांगले अन्न आणि विश्रांती एवढेच उपचार. आईने त्याला हवापालटासाठी दक्षिण इटलीत नेले. नेपल्स, काप्री, रोम, फ्लॉरेन्स असा तो प्रवास झाला. आजारपणाची ही सहल त्याच्यासाठी संग्रहालयांची आणि चर्चची सहल ठरली. चौदाव्या शतकातील शिल्पकार तिनो दि कामाइनो याने घडवलेली, मान किंचित कललेली, लांबट चेहऱ्यांची शिल्पे त्याने या प्रवासात पाहिली असावीत, असे अभ्यासक मानतात.

लिव्होर्नोत गुल्येल्मो मिकेली या चित्रकाराकडे त्याचे सुरुवातीचे शिक्षण झाले. नंतर फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येथे त्याने मानवाकृतीचा अभ्यास केला. १९०६ च्या सुरुवातीला, वयाच्या २१ व्या वर्षी तो पॅरिसला पोहोचला. त्या काळात नवे काही करू पाहणाऱ्या प्रत्येक चित्रकाराचा रस्ता याच शहराकडे जात होता.

चित्रकार व्हायला आलेला माणूस दगड का फोडू लागला?

पॅरिसमधली पहिली तीन वर्षे तशी चाचपडण्यात गेली. पॉल अलेक्झांद्र हा तरुण डॉक्टर त्याचा पहिला आश्रयदाता. तो त्याची चित्रे विकत घेई आणि कागदावरची रेखाटने तर शेकड्याने जपून ठेवी. १९०७ मध्ये सेझानच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन पॅरिसमध्ये झाले, त्याचा परिणाम मोदिल्यानीच्या त्या वेळच्या कामात स्पष्ट दिसतो. पण या काळातली चित्रे पाहिली तर ती कुणाची आहेत हे चटकन सांगता येणार नाही. थोडा सेझान, थोडा तुलूझ-लोत्रेक, थोडा निळ्या काळातला पिकासो.

मग १९०९ मध्ये त्याची भेट रुमानियाचा शिल्पकार कॉन्स्तांतिन ब्रांकुशी याच्याशी झाली. त्यानंतर जवळपास पाच वर्षे मोदिल्यानी स्वतःला शिल्पकार समजत होता. मातीचा नमुना करून त्यावरून साचा आणि मग धातूचे ओतकाम, ही तेव्हाची रूढ पद्धत त्याला मान्य नव्हती. तो ब्रांकुशीप्रमाणे थेट दगडावर छिन्नी चालवत असे. दगड बहुतेक चुनखडीचा. शहरात सगळीकडे बांधकामे सुरू होती आणि तिथून रात्रीच्या वेळी दगड पळवून आणले जात, असेही सांगतात.

त्याच्या आज शिल्लक असलेल्या शिल्पांची संख्या पंचविसाच्या आसपास आहे. जवळजवळ सगळी डोकीच. आणि इथे पहिल्यांदा ‘तो’ चेहरा दिसतो. उभट डोके, खांबासारखी मान, कपाळापासून निघून सरळ खाली येणारे पात्यासारखे नाक, एवढेसे तोंड आणि बुबुळ न कोरलेले बदामी डोळे. लूव्ह्र संग्रहालयातल्या इजिप्तच्या मूर्ती, त्रोकादेरो येथील संग्रहालयातले आफ्रिकी मुखवटे, कंबोडियातील ख्मेर शिल्पे, प्राचीन ग्रीक डोकी हे सगळे त्याने पाहिले होते. रशियन कवयित्री अ‍ॅना अख्मातोव्हा १९११ मध्ये पॅरिसला असताना तो तिला लूव्ह्रच्या इजिप्त विभागात घेऊन जात असे. तिची त्याने केलेली रेखाटनेही इजिप्तच्या राणीसारखी आहेत.

१९१२ च्या ‘सालों दोतोन’ या वार्षिक प्रदर्शनात त्याची ही दगडी डोकी एकत्र, एका समूहासारखी मांडली गेली. त्याला ती एखाद्या देवळाच्या खांबांसारखी हवी होती. रात्री स्टुडिओत तो या डोक्यांवर मेणबत्त्या लावून ठेवत असे, अशी आठवण ब्रिटिश शिल्पकार जेकब एपस्टीनने नोंदवली आहे.

देऊळ काही झाले नाही. दगड महाग आणि जड. त्यातून उडणारी बारीक भुकटी क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांना सोसणारी नव्हती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, बांधकामे थंडावली, अलेक्झांद्र सैन्यात गेला आणि दोघांची पुन्हा भेट झाली नाही. मोदिल्यानीला प्रकृतीमुळे सैन्यात घेतले गेले नाही. चित्रविक्रेता पॉल गियोम याने त्याची चित्रे विकायला सुरुवात केली होती आणि विक्रेत्याला कॅनव्हास हवे होते. मोदिल्यानीने छिन्नी खाली ठेवली.

मग शैली नेमकी घडली कशी?

एका वाक्यात सांगायचे, तर त्याने दगडातला चेहरा जिवंत माणसांवर चढवला. १९१४ ते १९१९ या सहा वर्षांत त्याची जवळजवळ सगळी नावाजलेली व्यक्तिचित्रे झाली आणि त्यांत शिल्पकाराची सवय पदोपदी दिसते.

नाक घ्या. बहुतेक चित्रकार नाकाचा उठाव सावलीने दाखवतात. मोदिल्यानी भुवईपासून सुरू झालेली रेषा न उचलता नाकाच्या टोकापर्यंत आणतो, दगडात धार काढावी तशी. मान ही मान कमी आणि नळकांडे जास्त. तिच्यावर डोके तोलून ठेवल्यासारखे आणि ते सहसा थोडे कललेले. खांदे उतरते. हात मांडीवर एकमेकांत गुंतवलेले. त्यामुळे डोक्यापासून हातापर्यंत एक सलग, सावकाश वळणारी रेषा तयार होते. त्याची चित्रे दुरून ओळखू येतात ती प्रामुख्याने या बाह्यरेषेमुळे, रंगामुळे नंतर.

रंगही ठरावीकच. त्वचेला नारिंगी-तांबूस छटा आणि मागे करडा, निळसर किंवा तपकिरी रंग. पार्श्वभूमीवर जवळजवळ काही नसते. फार तर दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, खुर्चीची पाठ. त्या चौकटीच्या सरळ उभ्या रेषेमुळे मानेचा बाक अधिक उठून दिसतो, ही युक्ती त्याने पुन्हा पुन्हा वापरली आहे. रंगाचा थर पातळ. केस दाखवताना कधी कधी तो कुंचल्याच्या लाकडी टोकाने ओला रंग खरवडत असे.

हे सगळे वाचून वाटेल की एकच साचा करून त्यात माणसे ओतली. टीकाकारांनी हा आक्षेप घेतलाही आहे आणि काही चित्रांबाबत, विशेषतः शेवटच्या काळातल्या काही चित्रांबाबत, तो अगदीच चुकीचा नाही. पण १९१६ ची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कवी मॅक्स जेकब टाय आणि उंच हॅटमध्ये, नीटनेटका आणि थोडा नाटकी. ज्याँ कॉक्तो खुर्चीत ताठ, इतका अरुंद की चाकूच्या पात्यासारखा. बेलारूसमधल्या गरीब वस्तीतून आलेला चित्रकार शाइम सुतीन मात्र जाड ओठांचा, विस्कटलेला, हात मांडीवर टाकून बसलेला. सगळ्यांची नाके एकाच पद्धतीने काढलेली आहेत, तरी कुणाला कुणाचे समजण्याची चूक होत नाही. तीन-चार खुणा पकडायच्या आणि बाकी सगळे गाळायचे, हे काम व्यंगचित्रकाराचेही असते. फरक इतकाच की मोदिल्यानी बसलेल्या माणसाला हसत नाही.

डोळ्यांत बुबुळे का नाहीत?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. आधी एक दुरुस्ती : त्याच्या सगळ्याच चित्रांत डोळे रिकामे नाहीत. अनेकांत बुबुळे व्यवस्थित रंगवलेली आहेत, काहींत एक डोळा उघडा आणि दुसरा नुसत्या निळसर-करड्या रंगाने भरलेला आहे. चित्रकार लिओपोल्ड सुरव्हाज याचे १९१८ चे चित्र याचे ठळक उदाहरण आहे. म्हणजे हा अजाणता झालेला प्रकार नाही, माणसागणिक घेतलेला निर्णय आहे.

मूळ पुन्हा शिल्पातच. दगडी मूर्तीला बुबुळ नसते, तरी ती आपल्याकडे पाहत नाही असे कुणाला वाटत नाही. उलट, ती कुठे पाहते आहे हे ठरवता येत नसल्याने पाहणारा थबकतो. मोदिल्यानीने तोच परिणाम रंगात आणला. व्यक्तिचित्रात आपली नजर सर्वांत आधी डोळ्यांकडे जाते. तिथे काही मिळाले नाही की ती मानेवर, हातांवर, रेषेवर उतरते.

याच्या जोडीने एक जुना तर्क अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरतो, तो म्हणजे दृष्टिदोषाचा. सोळाव्या शतकातील एल ग्रेको या चित्रकाराच्या लांबट आकृत्यांसाठी तो मांडला गेला आणि लांब माना रंगवणाऱ्या इतरांनाही चिकटवला जातो. डोळ्याला सगळे लांबट दिसत होते, म्हणून लांबट रंगवले! हे साध्या तर्काने निकाली निघते. ज्याला समोरचा माणूस लांबट दिसतो त्याला कॅनव्हासवरचा माणूसही तितकाच लांबट दिसणार. दोन्ही जुळवताना दोष आपोआप वजा होतो आणि चित्र योग्य प्रमाणातच उतरते. शिवाय मोदिल्यानीची विद्यार्थिदशेतली चित्रे सरळ, नेहमीच्या प्रमाणाची आहेत.

तो खरोखर नशेत चित्रे काढत असे का?

मोदिल्यानी पीत होता, भरपूर पीत होता आणि चरसही ओढत होता, हे खरे. माँपार्नासच्या कॅफेत बसून समोरच्याचे रेखाटन करायचे आणि त्याबदल्यात एखादा पेला मिळवायचा, हा त्याचा रोजचा क्रम होता. पण यावर पुढे सिनेमे, कादंबऱ्या आणि दंतकथा इतक्या रचल्या गेल्या की काम करणारा माणूस मागे पडला. काही चरित्रकारांच्या मते दारूमागे आणखी एक कारण होते. क्षय संसर्गजन्य असल्याचे तोवर सर्वांना माहीत होते. खोकणाऱ्या माणसाला लोक टाळत, झिंगलेल्या माणसाला टाळत नसत. हे सिद्ध करता येणार नाही, पण पटण्यासारखे आहे.

कामाच्या बाबतीत मात्र पुरावा आहे. शिल्पकार जॅक लिपशित्झ याने १९१६ मध्ये लग्नानिमित्त स्वतःचे आणि पत्नी बर्थ हिचे चित्र काढायला त्याला सांगितले. दर ठरला बैठकीला दहा फ्रँक आणि थोडी दारू. मोदिल्यानीने आदल्या दिवशी झरझर रेखाटने केली, दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र सुरू केले आणि संध्याकाळी ते पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आता अडचण लिपशित्झची. मित्राला जास्त पैसे मिळावेत म्हणून त्याला काम लांबवायचे होते. शिल्पकाराला जरा ठोस काम आवडते, अशी सबब सांगून त्याने मोदिल्यानीला पुढे रंगवायला लावले. चित्र बिघडेल अशी कुरकुर करत मोदिल्यानीने त्यावर आणखी सुमारे दोन आठवडे काम केले. हे चित्र सध्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. एका बैठकीत चित्र संपवणारा हात झिंगलेला असू शकतो, पण तो अनिश्चित नव्हता.

नग्नचित्रांवरून पोलीस का आले?

१९१६ पासून पोलंडहून आलेला कवी लिओपोल्ड झ्बोरोव्स्की त्याचा विक्रेता झाला. स्वतःची परिस्थिती बेताची असूनही तो मोदिल्यानीला रोजचा भत्ता, रंग, कॅनव्हास, मॉडेल आणि काम करायला स्वतःच्या घरातली खोली देत असे. याच व्यवस्थेत १९१६-१७ दरम्यान नग्नचित्रांची मालिका झाली. ३ डिसेंबर १९१७ रोजी बर्थ वेल हिच्या गॅलरीत मोदिल्यानीच्या हयातीतले एकमेव स्वतंत्र प्रदर्शन उघडले. गर्दी जमल्याने समोरच्याच पोलीस ठाण्यातून अधिकारी आला आणि त्याने नग्नचित्रे उतरवायला लावली. आक्षेप नग्नतेला नव्हता, पॅरिसमध्ये ती काही नवी नव्हती. आक्षेप शरीरावरचे केस रंगवल्याला होता.

याच मालिकेतील एक चित्र नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीजच्या लिलावात १७ कोटी ४ लाख डॉलरना विकले गेले. त्या वेळच्या दराने सुमारे अकराशे कोटी रुपये. चीनमधील एका संग्राहकाने ते घेतले. २०१८ मध्ये दुसरे एक नग्नचित्र १५ कोटी ७२ लाख डॉलरना गेले.

झान एब्यूतेर्न आणि शेवटची तीन वर्षे

१९१७ मध्ये मोदिल्यानीची ओळख १९ वर्षांच्या झान एब्यूतेर्नशी झाली. ती स्वतः चित्रकलेची विद्यार्थिनी होती. तिच्या कॅथलिक घरात दरिद्री, व्यसनी, ज्यू चित्रकाराचे नाव निघणेही शक्य नव्हते. तरी ती त्याच्याकडे राहायला आली. दोघांचे घर रु द ला ग्रांद शोमिएर या गल्लीत होते. याच गल्लीतल्या कलाशाळेत पुढे दशकभरानंतर अमृता शेरगिल दाखल झाली.

झानची त्याने वीसहून अधिक चित्रे केली आणि त्याची शैली सर्वांत टोकाला गेली ती याच चित्रांत. मान आणखी लांबली, डोळे आणखी रिकामे झाले, रंग उजळले. यातले एकही चित्र नग्न नाही. १९१८ मध्ये जर्मन तोफा पॅरिसवर डागल्या जाऊ लागल्या तेव्हा झ्बोरोव्स्कीने या दोघांना इतरांसोबत दक्षिणेत, नीसच्या परिसरात नेले. पैसे देऊन मॉडेल मिळेना, म्हणून मोदिल्यानीने शेजारपाजारची मुले, मोलकरणी, शेतमजूर रंगवले. साध्या कपड्यांत समोर बसलेली ही मुले त्याच्या नग्नचित्रांइतकी गाजली नाहीत, पण त्याचे सर्वांत शांत काम हेच. २९ नोव्हेंबर १९१८ रोजी तिथे त्यांना मुलगी झाली. तिचेही नाव झान.

पॅरिसला परतल्यावर क्षय बळावला. जानेवारी १९२० मध्ये काही दिवस तो दिसला नाही, म्हणून शेजारी राहणारा चित्रकार ओर्तिझ द झाराते याने दार उघडले, तेव्हा तो अर्धवट शुद्धीत पडला होता आणि दिवस भरत आलेली झान शेजारी बसली होती. डॉक्टरांना बोलावलेच नव्हते. २४ जानेवारीला क्षयजन्य मेंदूज्वराने त्याचा रुग्णालयात मृत्यू झाला. त्यानंतर दोन दिवसांच्या आत झानने आईवडिलांच्या घराच्या पाचव्या मजल्यावरून उडी घेऊन जीव दिला. ती २१ वर्षांची होती. मोदिल्यानीच्या अंत्ययात्रेला चित्रकारांची मोठी गर्दी लोटली. झानचे दफन घरच्यांनी गाजावाजा न करता, दुसऱ्याच दफनभूमीत उरकले. दोघांना एका जागी आणायला १९३० साल उजाडले. मागे राहिलेल्या चौदा महिन्यांच्या मुलीला लिव्होर्नोच्या आत्याने वाढवले. या मुलीने मोठेपणी वडिलांवर पुस्तक लिहिले, ते मुख्यतः त्यांच्याभोवतीच्या दंतकथा खोडण्यासाठी.

इतकी ओळखीची शैली, मग बनावट चित्रे ओळखणे अवघड का?

जे पटकन ओळखता येते, त्याची नक्कलही पटकन करता येते. मोदिल्यानीने हिशेब ठेवले नाहीत, मृत्यूनंतर किमती वाढल्या आणि बाजारात खोट्या चित्रांचा सुळसुळाट झाला. अम्ब्रोजो चेरोनी याने केलेल्या सूचीत ३३७ चित्रे आहेत आणि लिलावगृहे आजही प्रामुख्याने तीच ग्राह्य धरतात. सूचीबाहेर काही खरी चित्रे राहिली आहेत, हे बहुतेक तज्ज्ञांना मान्य आहे. ती कोणती, यावर मात्र एकमत नाही. २०१७ मध्ये जेनोआ येथील प्रदर्शनातली तब्बल वीस चित्रे बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला आणि प्रदर्शन मुदतीआधीच बंद करावे लागले.

लिव्होर्नोचा किस्सा तर जगभर गाजला. १९०९ मध्ये मित्रांनी चेष्टा केल्याने मोदिल्यानीने आपली शिल्पे तिथल्या कालव्यात फेकली, अशी आख्यायिका होती. १९८४ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त तो कालवा उपसण्यात आला आणि एक नव्हे, तीन डोकी सापडली. तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली, वृत्तपत्रांनी पाने भरली. मग काही विद्यार्थी पुढे आले. त्यातले एक डोके त्यांनी विजेवर चालणाऱ्या साध्या ड्रिलने कोरले होते आणि हे कसे केले, याचे प्रात्यक्षिक त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर करून दाखवले. उरलेली दोन डोकीही दुसऱ्या एका स्थानिक माणसाने केलेली निघाली.

त्यामुळे आता निव्वळ नजरेवर भिस्त ठेवली जात नाही. क्ष-किरण, अवरक्त छायाचित्रण, कॅनव्हासच्या विणीतले धागे मोजणे, रंगांचे रासायनिक विश्लेषण यांचा आधार घेतला जातो. नक्कल करणाऱ्याला रेषा साधते, पण रेषेखालचा थर साधत नाही. पैसे नसल्याने मोदिल्यानी अनेकदा जुन्या, रंगवलेल्या कॅनव्हासवरच नवे चित्र काढत असे. लंडनच्या टेट संग्रहालयातील मुलीच्या व्यक्तिचित्राची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा खाली दुसऱ्याच एका स्त्रीचे पूर्णाकृती चित्र निघाले. ही बहुधा बिआट्रिस हेस्टिंग्ज असावी, असा अंदाज आहे. इंग्रज लेखिका असलेली बिआट्रिस त्याच्यासोबत सुमारे दोन वर्षे राहिली. १९१६ मध्ये दोघे वेगळे झाले आणि वरचे चित्र साधारण त्यानंतरचे आहे.